रोलचा पहिला फोटो

बाई,

शारदोत्सव परवावर आला आहे आणि आपल्या शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या व्हरांड्यात मी एक खिळा मारून ठेवला आहे. त्यावर तुमचा फोटो लावायचा आहे. लावू का, एवढंच विचारायला हे लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की उत्तर येणार नाही हे मला कळतं. पण परवानगीशिवाय खडूसुद्धा उचलायचा नाही ही सवय तुम्हीच लावलीत, ती काही जात नाही. शिवाय तुमच्या वर्गात जो गप्प बसेल त्याने अभ्यास केलेला नाही असं धरून चालायचा रिवाज होता. आता तुम्ही गप्प आणि मी फळ्यासमोर उभी. अशा वेळी काय धरून चालायचं, तेही सांगून ठेवायला हवं होतं.

कुठला फोटो, असं तुम्ही विचाराल. माझा फोटोच नाही, असंही म्हणाल. सांगते, पण माझ्या क्रमाने. तुमच्या पद्धतीने आधी कर्ता शोधायचा तर या गोष्टीत मला तो अजून नीट सापडलेला नाही.

व्हरांड्यातली ती रांग अजून तशीच आहे. दर वर्षीच्या शारदेचा एक फोटो. नववीतली एक मुलगी, पांढरी साडी, सोनेरी कागदाचा मुकुट, कागदाच्या लगद्याची वीणा, आणि पायाशी हस्तकलेच्या बाईंनी केलेला पुठ्ठ्याचा हंस, जो पहिल्या दिवसापासून बदकासारखा दिसतो आणि तरीही निवृत्त होत नाही. मुलगी कशी निवडायची हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. प्रार्थनेत देवीला फुलांचा, चंद्राचा, हिमाचा पांढरेपणा दिलेला. मग वर्गातली सगळ्यात गोरी पोरगी खुर्चीवर बसणार यात कुणाला काही वावगं वाटत नसे. हिम कोल्हापुरात कुणी पाहिलेलं नव्हतं, पण त्याच्या रंगाबद्दल सगळ्यांची खात्री होती. आणि त्या फोटोंत देवी नुसती गोरी नाही, अगदी पेटल्यासारखी दिसते. नाक कुठे संपलं आणि गाल कुठे सुरू झाला ते कळत नाही. पाहुणे व्हरांड्यात थांबून म्हणायचे, काय तेज आहे पोरीच्या चेहऱ्यावर. तुम्ही बाजूला उभ्या राहून मान डोलवायच्या.

मी मात्र पडद्यामागे. पडदा उघडला की समोर शारदा नुसती ओठ हलवणार आणि मागून प्रार्थना म्हणणारा माझा आवाज येणार, अशी व्यवस्था होती. त्यासाठी तुम्ही मला महिनाभर शाळा सुटल्यावर थांबवून घेतलंत. मी अजून तिथे उभी आहे बघा: प्रयोगशाळेच्या शेजारची ती अरुंद खोली, खिडकीतून साखर कारखान्याच्या मळीचा वास येतो आहे, तुम्ही टेबलाच्या कडेला टेकून डोळे मिटून ऐकता आहात, आणि ध-भ मधला महाप्राण जरा ढिला पडला की मिटल्या डोळ्यांनीच बोट वर करता आहात. तुमच्या चेहऱ्यावर पावडर आहे. सकाळी ती दाट असायची, दुपारपर्यंत घामाने तिचे रस्ते व्हायचे, आणि हनुवटीच्या खाली जिथे ती संपायची तिथून तुमचा स्वतःचा रंग सुरू व्हायचा, चांगला खणखणीत काळा. पोरी तुम्हाला मागून ‘भरून आलेलं आभाळ’ म्हणायच्या. मी म्हणत नव्हते. माझा रंग तुमच्याच जातीचा होता, आणि आभाळाने आभाळाला काय हसायचं.

तरीही तुम्ही एकदा पुस्तक मिटून आम्हाला सांगितलं होतंत, जुन्या कथेतल्या त्या दोन राण्यांचं. काळा ऋषी समोर आला म्हणून एकीने डोळे मिटून घेतले, दुसरी भीतीने पांढरीफटक पडली, आणि त्याचे भोग पुढे सगळ्या घराण्याला भोगावे लागले. ‘एका काळ्या माणसाकडे नीट बघता आलं नाही, म्हणून एवढं कुळ बुडालं,’ तुम्ही म्हणालात, आणि लगेच, ‘लिहून घेऊ नका. परीक्षेला येत नाही.’ मी लिहून घेतलं होतं.

म्हणून तर धीर झाला विचारायचा. तालमीच्या शेवटच्या दिवशी मी म्हटलं, बाई, म्हणणार मी, मग खुर्चीवर मी का नाही? तुम्ही डोळे उघडलेत. मला वाटलं बोट वर होईल. ते झालं नाही. तुम्ही म्हणालात, ‘खुर्चीवर बसायला काही यावं लागत नाही. मागे उभं राहायला यावं लागतं.’ आणि मला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलंत. हे वाक्य मी इतकी वर्षं चघळते आहे आणि अजून ते गिळलं जात नाही, थुंकताही येत नाही. त्यात कौतुक आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. त्यात उत्तर नाही, हे कळायला वेळ लागला. पडदा माझ्या रंगासाठी होता की आडनावासाठी, हे मी पुढे कधी विचारलं नाही. दोन्हींना एकच पडदा पुरत असे.

आमचे दादा, म्हणजे वडील, त्याच कारखान्यात होते, घर बावड्यात. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यासमोर रोज उदबत्ती. दादांचं म्हणणं सोपं होतं: संस्कृत शीक, पाया पडू नकोस. आई शिकलेली नव्हती, पण पोरगी शाळेच्या कार्यक्रमात म्हणणार म्हटल्यावर ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि तिसऱ्या की चौथ्या रांगेत बसली. पडदा उघडला, मी मागून सुरुवात केली, सभागृह शांत झालं. आईने शेजारच्या बाईला विचारलं, कोण म्हणतंय हो आतनं? ती बाई म्हणाली, टेप लावलीय. हे आईनेच नंतर सांगितलं. घरी आल्यावर चूल पेटवता पेटवता तिने मला एवढंच विचारलं, ‘फुडं बसून म्हणली असतीस तर ती देवी बाटली असती व्हय?’ मी तुमचंच वाक्य तिला म्हणून दाखवलं, मागे उभं राहायला यावं लागतं, म्हणून. ती फुंकणी खाली ठेवून म्हणाली, ‘मागं हुबं ऱ्हायाला कुणाला येत न्हाय बाई. आमी तेच करत आलोय की.’

आणि ती भेट. दहावीला संस्कृतात मी पहिली आले तेव्हा तुम्ही मला घरी बोलावलंत. मला वाटलं शब्दकोश मिळणार. तुम्ही कागदात गुंडाळलेला एक डबा हातात ठेवलात आणि म्हणालात, कॉलेजला जाशील, लागेल. बाहेर येऊन कागद सोडवला तर पावडर. तुम्ही लावायच्या तीच, मोठा डबा. घरी आईने तो नाकाशी नेला, झाकण लावलं आणि माझ्या भावांकडे सरकवला. पुढची दोन वर्षं आमच्या गल्लीत सगळ्यात गुळगुळीत कॅरम बोर्ड आमचा होता. सोंगटी अशी सुटायची, की बघणाऱ्याने तुमचं नाव घ्यावं. तेव्हा मी हसले होते. तुमच्याजवळ जे एक चिलखत होतं तेच तुम्ही मला काढून दिलंत, आणि त्यापलीकडे द्यायला तुमच्याजवळ काही नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं तोवर तुमच्या घराला कुलूप लागलं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा मी आपल्याच शाळेत संस्कृत शिकवायला लागले होते. शोकसभेला लावायला तुमचा फोटो मिळेना. सगळ्या स्नेहसंमेलनांचे, सहलींचे फोटो उलटेपालटे केले. प्रत्येकात तुम्ही कुणाच्या तरी मागे, नाहीतर मुलींना ओळीत उभं करताना पाठमोऱ्या. शेवटी ओळखपत्राचा फोटो दुकानातून मोठा करून आणला. दुकानदाराने आपणहून, कुणी न सांगता, तो इतका उजळ केला होता की चेहऱ्याच्या जागी चष्मा आणि कुंकू एवढंच उरलं. सगळ्यांनी त्याला हार घातला. मीही घातला. चष्मा ओळखीचा होता.

पुढे मला फोटोंचा नाद लागला तो दगडांमुळे. देवळातले शिलालेख, गावांच्या वेशीवरचे वीरगळ, घासून गेलेली अक्षरं वाचायची तर उजेड तिरका पडावा लागतो, म्हणून कॅमेरा घेतला आणि शिकले. दगडांचं बरं असतं. ते हलत नाहीत आणि जरा उजळ करून द्या म्हणत नाहीत. माणसांचे फोटो काढायचं माझ्या मनात कधी नव्हतं. यंदा नववीत राधानगरीकडची एक पोरगी आली आहे, मामाकडे राहून शिकते. तिचे उच्चार ऐकून मला तुमचं वर न झालेलं बोट आठवतं, इतके स्वच्छ. आता आवाज मागून येत नाही, आधी मोबाइलवर भरून घेतात आणि लावतात; म्हणजे त्या शेजारच्या बाईचं म्हणणं शेवटी खरं झालं. तर मी तिला म्हटलं, यंदा खुर्चीवर तू बस आणि तूच म्हण. तिने मान खाली घातली. म्हणाली, ‘नको म्याडम. मी मागंच बरी हाय. माजा फोटो चांगला येत न्हाय.’ मी म्हटलं, कोण म्हणतं? तिने स्वतःचा मोबाइल काढून दाखवला. सगळ्या फोटोंत ती गोरी. यंत्र आपोआप करतं ते. आणि मग म्हणाली, ‘ह्यात येतो. पन तुमच्या कॅमेऱ्यात तसं व्हत न्हाय न्हवं?’

त्या दिवशी मी ठरवलं की नववीतल्या सगळ्या मुलींना त्या खुर्चीवर बसवायचं, एकेकीला, मुकुट-मेकप काही नाही, वीणा मांडीवर, आणि प्रत्येकीचा फोटो तिच्याच रंगात काढून व्हरांड्यात लावायचा, जुन्या रांगेच्या समोरच्या भिंतीवर. शारदेच्या भक्तीचा प्रश्न नाही, घरी आजही बुद्धच आहे. पण त्या खुर्चीशी माझं एका पडद्याच्या अंतराचं जुनं नातं आहे. हेडसरांनी विचारलं, यातून नेमकं काय साध्य होणार? मी म्हटलं, भिंतीला रंग द्यायचा खर्च वाचेल. ते हसले. हसलेल्या माणसाला नंतर नाही म्हणता येत नाही, हे तुमच्याकडूनच शिकले आहे.

जुन्या फोटोंत ते तेज आणायला दिवे कसे लावत होते हे बघावं म्हणून मी गंगावेशीत, शाळेचे फोटो काढायचे त्या स्टुडिओवाल्या काकांकडे गेले. काका आता थकलेत. स्टुडिओच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे आणि काका त्याच्या मागच्या खोलीत, जुन्या सामानातलंच एक होऊन बसलेले असतात. शाळेचं नाव काढल्यावर त्यांनी एक पत्र्याचा डबा उघडला, आत निगेटिव्हच्या पट्ट्या. मी एक पट्टी खिडकीसमोर धरली. पहिल्याच चौकटीत खुर्चीवर कुणीतरी बसलेलं, पण ती मुलगी नव्हती. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, तुम्हाला माहीत नसेल. काळं ते पांढरं. तिथे एक लख्ख पांढऱ्या चेहऱ्याची बाई चष्मा घालून बसली होती. बाई, मला क्षणभर कळलंच नाही.

मी काकांना विचारलं. ते म्हणाले, ‘बाई की तुमच्या. दुसरं कोण?’ मग सगळं सांगितलं. शारदोत्सवाच्या आदल्या दिवशी दुपारी ते यायचे. मेकप केलेल्या पोरीला दिव्याखाली फार वेळ बसवता येत नसे, घामाने रंग उतरायचा, म्हणून आधी खुर्चीवर तुम्हाला बसवून दिवे आणि कॅमेरा जमवायचे. ‘बाई अजिबात हलायच्या न्हाईत. दगडागत.’ आणि नवा रोल घातला की पहिला फोटो वाया जातोच, कडेने जळतो, म्हणून तो तुमच्यावर मारून टाकायचे. वर्षाला एक. धुवायचे सगळे, छापायचे पुढचे. मी विचारलं, त्यांना माहीत होतं? काका म्हणाले, ‘आवाज येतोय की कॅमेऱ्याचा. पन एकदाबी न्हाय म्हनल्या दाखवा म्हनून.’

त्या पट्ट्या मी घरी आणल्या आणि एकेक बघत गेले. पहिली गोष्ट ध्यानात आली ती फोटो काढणाऱ्याच्या नजरेतून. काळ्या चेहऱ्याला उजेड जास्त लागतो, कॅमेऱ्याचं भिंग जास्त उघडावं लागतं. काकांनी ते तुमच्यासाठी नीट, जपून उघडलेलं आहे. तुमच्या कपाळावरची आठीसुद्धा आली आहे. मग तुम्ही उठायच्या, तिथे गोरी, वर पांढरा रंग फासलेली पोरगी बसायची, आणि भिंग तसंच राहायचं. तिचं नाक गाल सगळं उजेडात वाहून जायचं. व्हरांड्यातलं ते तेज म्हणजे एवढंच आहे, बाई. देवीचा उजेड तुमच्या मापाने लावलेला होता. इतकी वर्षं पाहुणे ज्याला हात जोडून गेले ती चूक तुमच्या चेहऱ्याची होती, आणि तुमचा चेहरा तेवढा कुणी पाहिला नाही.

दुसरी गोष्ट मात्र ध्यानात आली ती सगळ्या चौकटी उलट्याच्या सुलट करून बघितल्यावर. दुपारची वेळ, पावडर घामाने गेलेली. प्रत्येक फोटोत तुम्ही तुमच्या रंगाच्या. पहिल्यांदा तरुण, काळ्याभोर, जरा रागीट, मग केस पांढरे होत गेलेले, चष्मा बदललेला. डावी कड जळून पांढरी झालेली आणि तिच्या अलीकडे तुम्ही. मांडीवर वीणा, ती कशी धरायची हे तुम्हाला शेवटपर्यंत आलं नाही. एका वर्षी, आणि ते माझंच वर्ष आहे, मागे पडद्याच्या खाली माझे पाय दिसतात, तुम्ही मला तेव्हाही म्हणायला लावलं असणार. आणि एका वर्षी तुमच्या डोक्यावर मुकुट आहे. तुम्ही कॅमेऱ्याकडे नाही, वर, मुकुटाच्या वजनाकडे बघता आहात, आणि ओठ किंचित उघडे आहेत. त्याबद्दल काकांना पुन्हा जाऊन विचारलं. ते हसून म्हणाले, ‘म्हनल्या, हा काढू नका हं. तवर म्या मारला हुता.’

मुकुटाचा फोटो मी लावणार नाही, काळजी नसावी. तो माझ्या टेबलाच्या खणात आहे आणि तिथेच राहील. खिळा आहे तो दुसऱ्यासाठी, ज्यात तुम्ही सरळ समोर बघता आहात.

तो छापून मी तुमच्या धाकट्या बहिणीकडे गेले. त्या आता बावड्यातच राहतात, आमच्या जुन्या घराच्या अलीकडे ऊस होता तिथे इमारती झाल्या आहेत, त्यातल्या एकीत. मी तुमची विद्यार्थिनी म्हटल्यावर चहा केला, तुमच्या आठवणी सांगितल्या, तुम्ही त्यांच्या नवऱ्याला शेवटपर्यंत अहो-जाहो करायच्या ते सांगितलं. मग मी फोटो समोर ठेवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला ती राणी आठवली आणि माझीच मला शरम वाटली. त्या म्हातारीचा काय दोष. डोळे उघडून त्यांनी फोटो हातात घेतला आणि अंगठ्याने तुमचा गाल पुसायला लागल्या, हळूहळू, धूळ बसली असावी तसा. म्हणाल्या, ताई इतकी नव्हती हो. गव्हाळ होती. आणि मग, मी काही न विचारता, सांगून टाकलं की घरी बघायला आलेल्या मंडळींनी तुम्हाला बघून धाकटीला मागणी घातली होती, आणि घरच्यांनी होकार दिला होता. तुम्ही त्या लग्नात वाढायला उभ्या होतात. फोटोंत नव्हतात.

मी म्हटलं, हा शाळेत लावायचा आहे. त्या म्हणाल्या, लावा की, पण थोडी उजळ करा. मी म्हटलं, काकू, हा त्यांचा खरा रंग आहे. तेव्हा त्यांनी माझा हात धरला. ‘तिला जिवंतपणी मिळालं नाही ते. आता तुमच्या हातात आहे, तर द्या ना तिला.’

बाई, मी माणसांशी भांडू शकते. हेडसरांशी, पालकांशी, हंसाशीसुद्धा. पण ज्या बाईला आपल्या बहिणीला गोरेपण भेट द्यायचं आहे तिच्याशी कुठल्या शब्दांत भांडायचं? तुम्हीही मला तेच दिलं होतंत, डब्यात घालून. मी ‘बघते’ म्हणून उठले आणि परत गेलेली नाही. बावड्याची बस दारावरून जाते, मी दुसरीकडे बघते.

कारण मला ठाऊक आहे, मी तो उजळ करणार नाही. परवा सकाळी लवकर जाऊन आहे तसा लावणार आहे. तुम्ही रागावाल. रागवा. पण खरं सांगायचं तर मला त्यापेक्षा दुसरी भीती आहे. तुम्ही रागावणार नाही, नुसत्या लाजाल. व्हरांड्यातून जाताना पदर हनुवटीपर्यंत ओढून घ्याल आणि मुलींना लवकर पुढे काढाल. तुमच्या रंगाचा अभिमान तुमच्या वतीने मी बाळगायचा, असं मला कुणी सांगितलंय? म्हणून विचारते आहे. खिळा मारून झाल्यावर विचारते आहे, हेही कबूल.

मागच्या आठवड्यात मुलींचे फोटो काढले. दिवे जमवायला कुणाला तरी खुर्चीवर बसायला हवं होतं. पोरी एकमेकींना ढकलत होत्या, तेव्हा मी म्हटलं, मीच बसते, आपल्या बाईही बसायच्या. कॅमेरा राधानगरीच्या पोरीच्या हातात दिला आणि जाऊन बसले. पहिल्यांदा बसले बाई, त्या खुर्चीवर. लाकूड थंड असतं, आणि समोरून सभागृह फार मोठं दिसतं. मागून कधी कळलं नव्हतं. वीणा मलाही धरता येत नाही. पोरीने बटण दाबलं. मग मी उठले, आणि एकेक पोरगी बसत गेली. शेवटी राधानगरीची बसली आणि प्रार्थना स्वतःच म्हणाली, न थांबता, अडखळल्याशिवाय, आणि तिचा फोटो मी तेव्हा घेतला. तो तिला दाखवला. ती खूप वेळ बघत होती. उजळ करा म्हणाली नाही. म्हणाली, ‘आमच्या आज्जीगत दिसतीया मी.’ मग विचारलं, ‘तुमचा कसा आला, म्याडम?’

मी तिला म्हटलं, हलला.

हलला नव्हता, बाई. चांगला आला होता. कपाळावरची आठीसुद्धा आली होती. मी तो बघितला आणि पोरी वीणेसाठी भांडत होत्या तेवढ्यात पुसून टाकला. तुमच्या वेळी तसं करता येत नव्हतं, म्हणून तुम्ही राहिलात.